ओळखीतल्या माणसाला बंदूक विकताना: नोटीस, 45 दिवस आणि जपून ठेवायचे कागद

मराठवाड्यात लायसनची बंदूक विकली जाते ती बहुतेक ओळखीतच. वडिलांच्या काळातली बारा बोअरची दुनळी कपाटात पडून असते, मुलं पुण्याला नोकरीला, शेत बटईनं दिलेलं. शेजारच्या तालुक्यात कुणाला रानडुकरांपायी बंदूक हवी असते. लायसन दोघांकडंही असतं. चहा पिता पिता किंमत ठरते, पाचशेचा बाँड आणला जातो, दोन साक्षीदार सह्या करतात आणि बंदूक गाडीत बसून निघून जाते. मनात खोट कुणाच्याच नसते. तरीही त्या दिवशी कायदा मोडलेला असतो आणि ते दोघांनाही माहीत नसतं.

बाँड म्हणजे दोन माणसांमधलं लिखाण. सरकारदरबारी ती बंदूक अजूनही विकणाऱ्याच्या परवान्यावरच उभी असते. पुढं ती चोरीला गेली, लग्नाच्या वरातीत उडाली किंवा एखाद्या गुन्ह्यात सापडली, तर नंबर पाहून पोलीस आधी विकणाऱ्याच्या दारात येतात. मोटरसायकल विकून आरसी बुकावरचं नाव तसंच ठेवलं तर काय होतं, हे आपल्याकडं सगळ्यांना कळलंय. बंदुकीत चूक तीच असते, भोग मात्र फार मोठे असतात. म्हणून विक्री ठरल्यापासून ते दोन्ही परवान्यांवर नोंद होईपर्यंत कुठला कागद कधी करायचा आणि कुठला कायम जपायचा, ते इथं क्रमानं लिहितोय.

कायदा नेमकं काय सांगतो

या व्यवहाराला शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 लागू होतात. बंदुकांचा धंदा करायचा तर विक्रेत्याचा वेगळा परवाना लागतो. पण स्वतःच्या खासगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं हत्यार एखाद्याला विकायचं असेल, तर कलम 5 च्या पोटकलम 2 मध्ये त्याला मुभा आहे. घेणारा ते हत्यार बाळगायला पात्र असला पाहिजे. त्याखेरीज आणखी दोन अटी आहेत. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचा. आणि तसं कळवल्यानंतर किमान 45 दिवस उलटून गेल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही.

यातला 'कायदेशीरपणे बाळगलेलं' हा शब्द महत्त्वाचा आहे. परवान्याची मुदत संपून गेली असेल तर तुम्ही या मुभेत बसतच नाही. आधी नूतनीकरण करा, किंवा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, विक्रीचं त्यानंतर बघा. मुदत संपलेल्या परवान्यावर विक्रीची नोटीस देणं म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच आपल्या सहीनं कार्यालयात नेऊन देणं.

'विक्री' एवढ्या शब्दावर थांबू नका. कायद्यातल्या 'हस्तांतरण' या शब्दात भाड्यानं देणं, उसनं देणं, बक्षीस देणं, नुसता ताबा सोडणं हे सगळं येतं. मेव्हण्याला हंगामापुरती दिलेली बंदूक, जावयाला भेट दिलेली बंदूक, दोन्ही यातच मोडतात. पैसे घेतले नाहीत म्हणून नोटीस टळत नाही. परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसऱ्यानं हत्यार वाहून नेणं, एवढी सवलत कायद्यानं दिली आहे. रखवालदाराला रात्री शेतावर बंदूक देऊन आपण गावात झोपणं त्यात बसत नाही.

नोटीस न देता किंवा 45 दिवस पुरे व्हायच्या आत बंदूक विकली, तर कलम 25(3) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशेचा आकडा ऐकून बरेच लोक हसण्यावारी नेतात. त्यांनी त्याच कलमाचा वरचा भाग वाचावा. घेणाऱ्याकडं परवानाच नसेल तर तो विनापरवाना बाळगण्याच्या गुन्ह्यात सापडतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं झाली आहे. विकणाऱ्यावर कलम 5 मोडून विक्री केल्याचा गुन्हा लागू शकतो. त्याची शिक्षा त्याच दुरुस्तीनं सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली आहे. समोरचा माणूस पात्र आहे की नाही, हे आधी खात्री करून न घेता हत्यार त्याच्या हाती देणं हासुद्धा कलम 29 खाली वेगळा गुन्हा आहे. म्हणून 'त्यानं सांगितलं लायसन आहे म्हणून' हे उत्तर पुरत नाही. खात्री केल्याचा कागद तुमच्याकडं हवा.

नोटीशीच्या आधी: बंदूक आणि दोन्ही परवाने समोर ठेवा

आधी बंदूक बघा. बनवणाऱ्याचं नाव, बोअर, नळ्या किती आणि सगळ्यात महत्त्वाचा तिच्यावर ठोकलेला नंबर. हे सगळं हत्यारावरून स्वतः वाचून लिहून काढा आणि मग परवान्यावरच्या नोंदीशी ताडून पाहा. जुन्या परवान्यांवर हातानं लिहिलेल्या नोंदी असतात. 3 चा 8 झालेला असतो, इंग्रजी अक्षर गळालेलं असतं. फरक दिसला तर विक्री बाजूला ठेवा आणि परवाना शाखेत अर्ज देऊन, हत्यार दाखवून नोंद दुरुस्त करून घ्या. ती चूक तशीच पुढं गेली की घेणाऱ्याच्या परवान्यावर एक नंबर आणि हातात दुसऱ्याच नंबरची बंदूक असं होतं. मग दोघांपैकी कुणालाच ते समजावून सांगता येत नाही.

नंबरच नसलेल्या बंदुका आपल्या भागात आजही निघतात. निजामाच्या राजवटीत गढ्यांवर आणि वतनदारांच्या वाड्यांवर ठासणीच्या बंदुका होत्या, त्यातल्या काही पुढच्या पिढ्यांच्या परवान्यांवर चढल्या. बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची दुसरी खूण नसलेलं हत्यार विकायला कलम 8 नं मनाई आहे. नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडं सापडेल त्यानंच तो खोडला, असं कायदा उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतो. तेव्हा लोहाराकडून किंवा लेथवाल्याकडून नवा नंबर ठोकून घ्यायचा विचारसुद्धा करू नका. अशी बंदूक असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवून पुढं काय करायचं ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या. भिंतीवरची पूर्ण निकामी, दुरुस्त करूनही न चालणारी पुराणी हत्यारं कलम 45 च्या सवलतीत येऊ शकतात. पण आपली बंदूक त्यात बसते हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं.

आता घेणाऱ्याचा परवाना. झेरॉक्सवर विसंबू नका, मूळ पुस्तिका हातात घ्या. मुदत बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे. पण जुन्या परवान्यावर जी तारीख लिहिली असेल तीच धरायची. युआयएन, म्हणजे राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमधला त्याचा क्रमांक, लिहून घ्या. परवाना कोणत्या प्रकारच्या हत्याराचा आहे ते वाचा. बंदुकीच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर घेता येत नाही. खरेदी करण्यासाठी दिलेली मुदत शिल्लक आहे का, तेही पाहा. आणि त्याच्या नावावर आधी किती हत्यारं आहेत ते मोजा. पूर्वी एका माणसाला तीन ठेवता येत, आता दोनच. वारशानं आलेली बंदूकही या दोनमध्येच मोजली जाते. ज्याच्याकडं आधीच दोन आहेत त्याला तुमची तिसरी विकता येणार नाही, ओळख कितीही जुनी असो.

यानंतरचे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारावेच लागतात. घेणाऱ्याचं वय 21 पूर्ण आहे का? हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात त्याला कैद झाली होती का? झाली असेल तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं उलटली का? त्याच्यावर सध्या चॅप्टर केसचा बाँड आहे का, म्हणजे शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वागणुकीचं बंधपत्र? पूर्वी 107 आणि 110 म्हणत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमं 126 आणि 129 झाली आहेत. अशा बाँडच्या मुदतीत असलेल्या माणसाला शस्त्र घेता येत नाही आणि कुणी त्याला विकूही शकत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की गावात दोन्ही पार्ट्यांवर चॅप्टर केसेस होतात, हे आपण बघतोच. त्यामुळं घेणारा सज्जन असला तरी हा प्रश्न विचारायचाच. या सगळ्याचं एक साधं स्वयंघोषणापत्र त्याच्या सहीनं घ्या. खात्री केल्याचा तुमचा पहिला कागद तोच.

2025 च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्यांची मोठी फेरतपासणी झाली आणि अनेकांचे परवाने रद्द झाले. परवाना हातात असणं आणि तो आज जिवंत असणं यात फरक पडू शकतो, हे तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं. म्हणून मूळ पुस्तिका पाहिल्यावरही, परवाना निलंबित किंवा रद्द नाही ना, हे घेणाऱ्याच्या जिल्ह्याच्या परवाना शाखेकडून कळवण्याची विनंती नोटीशीत घाला.

नोटीस: कुणाला, कशी आणि पोच कशी घ्यायची

कायद्यानं जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाणे असा पर्याय दिला आहे. माझा सल्ला दोन्हीकडं देण्याचा. मूळ नोटीस जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला आणि प्रत आपल्या ठाण्याला. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळं शहर हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या जागी पोलीस आयुक्त असतात, कायद्याची व्याख्याच तशी आहे. वाळूज, सातारा परिसर असे हद्दीवरचे भाग असतील तर आपलं ठाणं शहरात येतं की ग्रामीणमध्ये ते आधी विचारून घ्या. मराठवाड्यातल्या बाकी सातही जिल्ह्यांत आणि संभाजीनगरच्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडंच जायचं.

काही जिल्ह्यांत विक्री परवानगीच्या अर्जाचा छापील नमुना शाखेत मिळतो. मिळाला तर तो भरा, पण खालचा मजकूर त्याला जोडाच, कारण कायद्याला हवी असलेली माहिती एका जागी त्यातच येते.

*प्रति, मा. जिल्हादंडाधिकारी, (जिल्हा).*
*प्रत: प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे (नाव).*
*विषय: शस्त्र अधिनियम 1959, कलम 5(2) अन्वये खासगी वापरातील शस्त्र विकण्याच्या इराद्याची लेखी सूचना.*

*मी, खाली सही करणार (पूर्ण नाव), वय (…), राहणार मौजे (…), तालुका (…), जिल्हा (…). माझा शस्त्र परवाना क्रमांक (…), युआयएन (…), मुदत दिनांक (…) पर्यंत आहे. त्यावर पुढील शस्त्र नोंदलेले असून ते माझ्या खासगी वापरासाठी कायदेशीररीत्या माझ्या ताब्यात आहे: (प्रकार, बोअर, बनवणाऱ्याचे नाव, शस्त्राचा नंबर). त्यासोबत (संख्या) काडतुसे आहेत.*

*सदर शस्त्र व काडतुसे मी (घेणाऱ्याचे पूर्ण नाव), वय (…), राहणार (पूर्ण पत्ता) यांना विकण्याचा इरादा ठेवतो. त्यांचा परवाना क्रमांक (…), युआयएन (…), मुदत दिनांक (…) पर्यंत, परवाना देणारे कार्यालय (…) असे आहे. त्यांच्या परवान्याची सद्यस्थिती संबंधित कार्यालयाकडून तपासून मिळावी.*

*ही सूचना मिळाल्यापासून 45 दिवसांची मुदत पूर्ण होईपर्यंत मी शस्त्राचा ताबा देणार नाही. व्यवहारास हरकत असल्यास मला लेखी कळवावे, हरकत नसल्यास ना हरकत पत्र द्यावे, ही विनंती.*

*दिनांक, सही, मोबाईल क्रमांक. सोबत: माझ्या व घेणाऱ्याच्या परवान्याच्या सर्व पानांच्या प्रती, दोघांची ओळखपत्रे, घेणाऱ्याचे संमतीपत्र व स्वयंघोषणापत्र.*

काडतुसांचा आकडा विसरू नका. ही अट दारूगोळ्यालाही लागू आहे आणि बंदुकीबरोबर पिशवीत गेलेल्या दहा-बारा काडतुसांची नोंद बहुतेक वेळा कुठंच नसते.

नोटीस तीन प्रतींत करा. आवक-जावक टेबलावर मूळ प्रत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि सही घ्या. 'साहेब बघतील, ठेवून जा' असं म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराकडून तसंच करून घ्या. पोच मिळेना, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा. पावती आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद जपून ठेवा. तुमचे 45 दिवस या तारखेवर उभे असतात. ज्या नोटीशीची पोच नाही ती दिली होती हे पुढं कोर्टात कशानं दाखवणार?

ते 45 दिवस

दिवस मोजताना काठावर जाऊ नका. 1 जूनला पोच मिळाली तर 16 जुलैला 45 दिवस पुरे होतात. ताबा 17 जुलै किंवा त्यानंतर द्या. मधल्या काळात बंदूक तुमच्याच कपाटात, तुमच्याच कुलपात राहायला हवी. 'बघायला घेऊन जातो, चालवून बघतो' याला स्पष्ट नाही म्हणा. बघायचंच असेल तर तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर.

इसार घ्यायचा का? माझं मत, शक्यतो नको. घेतलाच तर बँकेतून घ्या आणि साध्या कागदावर लिहून ठेवा की हरकत आली तर पैसे परत आणि ताबा मुदतीनंतरच. पूर्ण किंमत रोखीत घेऊन बंदूक 'फक्त नावापुरती' आपल्याकडं ठेवणं म्हणजे उद्या घेणाऱ्यानं घाई केली की तुम्ही अडचणीत.

बरेच जण विचारतात, 45 दिवसांत कार्यालयातून काहीच उत्तर आलं नाही तर? कायद्याचे शब्द सूचना देणं आणि मुदत संपणं एवढेच आहेत. पण घेणाऱ्याच्या परवान्यावर बंदूक चढवायची असते तेव्हा त्याचं कार्यालय ना हरकत पत्र मागतंच. ते नसेल तर बंदूक तुमच्या परवान्यावरून उतरलेली नाही, त्याच्यावर चढलेली नाही आणि ताबा मात्र त्याच्याकडं, अशी लोंबकळती अवस्था होते. म्हणून 45 दिवस झाले की आवक क्रमांक लिहून एक स्मरणपत्र द्या, त्याचीही पोच घ्या आणि ना हरकत पत्र हातात आल्यावरच पुढं जा. थोडा उशीर झाला तरी हाच रस्ता धरा. हरकतीचं पत्र आलं तर व्यवहार तिथंच थांबवा, तोंडी समजूत कुणी कितीही घालो.

या काळात पोलिसांचा अहवाल मागवला जातो. बीट अंमलदार घरी येऊन बंदूक आणि परवाना बघू शकतो. त्याला सहकार्य करा आणि त्याच्या भेटीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा.

मध्येच आचारसंहिता लागली आणि हत्यार ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर जमा पावती घ्या. तिच्यावर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांचा आकडा लिहिलाय याची खात्री करा. जमा पावती घेणाऱ्याच्या हातात देऊन 'तुम्हीच सोडवून घ्या' असं करू नका. निवडणुकीनंतर बंदूक आपल्या नावानं परत घ्या, मग विक्रीचं पुढचं पाऊल टाका.

ताबा देण्याचा दिवस

मुदत झाली, ना हरकत पत्र आलं. आता दोघं दोन्ही मूळ परवाने घेऊन समोरासमोर बसा. घेणाऱ्याचा परवाना मधल्या काळात संपला तर नाही ना, ते पुन्हा पाहा. दीड-दोन महिन्यांत हे सहज घडतं.

बाँडचा उपयोग इथं होतो. नोटीस, मुदत आणि ना हरकत पत्र यांच्यानंतर केलेला विक्री-ताबा लेख हा चांगला पुरावा आहे. त्यात दोघांची नावं-पत्ते, परवाना क्रमांक, युआयएन, शस्त्राचं पूर्ण वर्णन आणि नंबर, काडतुसांची संख्या, किंमत आणि ती कशी दिली, नोटीशीचा आवक क्रमांक व तारीख, ना हरकत पत्राचा जावक क्रमांक, आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहा. वेळही लिहाच. त्या दिवशी संध्याकाळी काही घडलं तर बंदूक त्या घटकेला कुणाकडं होती, हे त्या एका ओळीवरून ठरेल. पैसे बँकेतून घ्या आणि व्यवहाराच्या तपशिलात बंदुकीचा नंबर टाका.

परवान्याच्या अटींनुसार खरेदीच्या वेळी विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद करून सही करायची असते: काय दिलं, किती दिलं, कधी दिलं आणि कुणी ताब्यात घेतलं. दुकानातून घेताना डीलर हे करतो, खासगी विक्रीत ते काम तुमचं आहे. त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

घेणारा स्वतः आला पाहिजे. त्याच्या पोराकडं, ड्रायव्हरकडं, पुतण्याकडं बंदूक देऊ नका.

नोंद उतरवणं आणि चढवणं

ताबा दिला म्हणून काम संपत नाही. लोक इथंच सुटतात आणि पुढं इथंच अडकतात.

विकणाऱ्यानं लगेच परवाना शाखेत अर्ज द्यायचा: अमुक तारखेला अमुक नंबरचं शस्त्र अमुक व्यक्तीला दिलं, माझ्या परवान्यावरून ते कमी करावं. सोबत ताबा लेखाची प्रत आणि मूळ परवाना. मूळ परवाना कार्यालयात ठेवून घेतला तर त्याचीही पोच घ्या. परवान्यावर एकच हत्यार होतं आणि आता नवं घ्यायचं नसेल, तर परवाना परत करण्याचा अर्ज त्याच वेळी द्या. रिकामा परवाना कपाटात ठेवला की पुढं नूतनीकरणाची आठवण राहत नाही. घेणाऱ्यानं आपल्या कार्यालयात हत्यार आणि परवाना दाखवून नोंद चढवून घ्यायची. दोघांनीही राष्ट्रीय डेटाबेसमधल्या नोंदीत हा बदल झाल्याचं शाखेतून विचारून खात्री करावी. पुस्तिकेवर कमी झालं पण संगणकावर तसंच राहिलं, असं होतं आणि नंतर नूतनीकरणाच्या वेळी बंदूक दाखवा म्हणून विचारणा होते.

घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद चढली की त्या पानाची प्रत मागून घ्या. व्यवहार पुरा झाल्याचा विकणाऱ्यासाठी सगळ्यात भक्कम कागद हाच. घेणारा टाळाटाळ करत असेल तर ठाण्याला लेखी कळवून ठेवा.

वडील वारले आणि बंदूक घरात आहे

आपल्याकडं सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक वारला की ज्या वारसाकडं स्वतःचा परवाना नाही त्याच्या हातातलं हत्यार बेकायदेशीर ठरतं. कलम 21 प्रमाणे विनाकारण वेळ न दवडता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करायचं असतं. तेरवी उरकली की पहिलं काम हे करा. घर दुःखात आहे हे पोलिसांनाही कळतं, पण वर्ष-दोन वर्षं बंदूक माळ्यावर पडून राहिली तर तेच दुःख कारण म्हणून चालत नाही. जमा करताना मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि अर्ज द्या. पावतीवर नंबर आणि काडतुसं लिहून घ्या.

बंदूक जमा असतानाही वारसाचा हक्क संपत नाही. ठरलेल्या मुदतीत तो ती स्वतः परवाना मिळवून परत घेऊ शकतो किंवा पात्र माणसाला विकू शकतो, विकायचा अधिकार लेखी देऊ शकतो. मुदतीत काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा करतानाच मुदत किती ते लेखी विचारा.

विकायचं असेल तर सगळ्या वारसांचं संमतीपत्र लागतं, आई, बहिणी आणि वेगळे राहणारे भाऊ धरून. बहिणीला विचारायची पद्धत नाही असं म्हणून तिची सही वगळू नका. पुढं तिचीच हरकत कार्यालयात येते आणि वर्षभर फाईल अडकते. घेणाऱ्याचा परवाना तपासणं, नोटीस, 45 दिवस, नोंदी, हे सगळं तसंच करायचं. फरक एवढाच की ताबा ठाण्यातून किंवा डीलरकडून दिला जातो आणि तिथल्या रजिस्टरला घेणाऱ्याची सही होते. त्या नोंदीचा अनुक्रमांक लिहून घ्या.

वडील हयात असतानाच विचार केला तर बरंच सोपं होतं. 2016 च्या नियमांत परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं ते हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, यांतलं जे आधी होईल तेव्हा, तो नामनिर्देशित करेल त्या वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. वारसाला पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला हे सगळं लागतंच, आणि दोन हत्यारांची मर्यादाही.

डीलरला विकायचं असेल, घेणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल

डीलरला विकणं जास्त सुटसुटीत, किंमत थोडी कमी मिळते इतकंच. त्याच्या परवान्याची प्रत घ्या, लेखी सूचना आणि 45 दिवस इथंही पाळा, आणि त्याच्या खरेदी रजिस्टरचा क्रमांक असलेली पावती घ्या. 'दुकानात ठेवून जा, गिऱ्हाईक आलं की बघू' याला जमा म्हणतात, विक्री नव्हे. त्यासाठी जमा पावती वेगळी असते, ती घ्यायलाच हवी.

घेणारा पुण्याचा किंवा सोलापूरचा असेल तर दोन कार्यालयं आली. ना हरकत पत्र दोन्हीकडचं घ्या, दोन्ही परवान्यांवर कोणत्या हद्दीत हत्यार बाळगता येतं ते वाचा आणि ताबा शक्यतो विकणाऱ्याच्या तालुक्यात द्या. घेणारा ते स्वतःच्या परवान्यावर घेऊन जाईल, त्या हद्दीत असेल तर. तुम्ही पोचवायला जाऊ नका.

फाईल

एक जाड फाईल करा आणि तिच्यावर बंदुकीचा नंबर लिहा, माणसाचं नाव नव्हे. पुढं चौकशी नंबरावरून होते. तिच्यात तारखेच्या क्रमानं लावा: तुमच्या परवान्याची पहिली ते शेवटची पानं, घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत आणि घोषणापत्र, नोटीस पोचेसह, स्मरणपत्र, ना हरकत पत्र, जमा पावत्या असतील त्या, ताबा लेख, बँकेचा उतारा, नोंद कमी झाल्याचा आदेश आणि घेणाऱ्याच्या परवान्यावरची नवी नोंद. बंदुकीच्या नंबराचे जवळून काढलेले फोटो दोन्ही बाजूंनी. सगळं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत कागदाला वाळवी लागते, पत्र्याच्या पेटीत ठेवलं तरी.

किती वर्षं ठेवायची? माझ्या मते तुम्ही आहात तोपर्यंत, आणि पोरांना फाईल कुठं आहे ते सांगून ठेवा. बंदूक पन्नास वर्षं चालते, तिची चौकशीही तेवढ्या उशिरा येऊ शकते.

घेणाऱ्यानंही अशीच फाईल करावी. नूतनीकरणाला, पत्ता बदलला तर नव्या कार्यालयाला, आणि स्वतः पुढं कधी विकताना त्याला हेच कागद लागतात. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर लगेच ठाण्यात कळवावं लागतं. तेव्हा नंबर पाठ नसतो, फाईलमधूनच सांगावा लागतो.

पूर्वी विक्री झालेली आहे आणि हातात काहीच कागद नाहीत, अशा घरांनी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं आपल्या परवान्यावरच्या शस्त्राच्या नोंदींची, ती कमी केल्याच्या आदेशाची आणि विक्रीच्या सूचनेच्या आवक नोंदीची प्रत मागा. परवाना क्रमांक, अंदाजे वर्ष आणि तालुका लिहा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. नोंदीवर बंदूक अजून तुमच्याच नावावर निघाली तर वकिलाला सोबत घेऊन लेखी खुलासा द्या आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता त्यात स्पष्ट लिहा. मागच्या तारखेची नोटीस किंवा मागच्या तारखेचा बाँड करून देणारी माणसं कचेरीच्या आवारात भेटतील. त्यांच्याकडं जाऊ नका, तो कागद मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा आहे.